विश्लेषण : मोबाइलवरचा ‘फुकटचा’ सिनेमा कुणाला महाग पडतो?

शुक्रवारी मुंबई-पुण्यात लागलेला सिनेमा रविवारपर्यंत जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या मोबाइलमध्ये पोहोचलेला असतो. काही वर्षांपूर्वी त्यासाठी मोबाइलच्या दुकानात पाच-पन्नास रुपये देऊन मेमरी कार्ड ‘भरून’ घ्यावे लागे. आता टेलिग्रामची एक लिंक पुरते. कुणाच्या घरात शिरलो नाही, कुणाचे काही उचलले नाही, मग यात चोरी कसली, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. कायदा याबाबत काय सांगतो आणि कायद्यापलीकडे या सवयीची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

पायरसीचा पसारा किती?

ईवाय आणि ‘आयएएमएआय’ या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात देशातील पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी रुपये होती. त्यातील १३,७०० कोटी चित्रपटगृहांतून चोरलेल्या चित्रपटांचे, तर ८,७०० कोटी ओटीटीवरील मजकुराचे. पाहणीतील ५१ टक्के प्रेक्षक-श्रोते कधी ना कधी पायरेटेड मजकुराकडे वळतात, असेही त्यात म्हटले आहे. मात्र हे आकडे जपून वाचायला हवेत. चोरून पाहिलेला प्रत्येक सिनेमा म्हणजे बुडालेले तिकीट नव्हे. फुकट मिळाला नसता तर अनेकांनी तो पाहिलाच नसता. तरीही नुकसान मोठे आहे, हे नाकारता येत नाही.

कायदा काय सांगतो?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणे किंवा अशी प्रत लोकांना दाखवणे यासाठी आता किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आहे. दंड किमान तीन लाख रुपये असून तो निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्राने तर २००९ मध्येच ‘व्हिडीओ पायरट्स’ना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत बसवून एमपीडीए कायद्याखाली आणले. पुढे याच कायद्यात वाळू तस्करांचाही समावेश झाला.

नुसते पाहणाराही गुन्हेगार ठरतो का?

घरी बसून केवळ पाहणाऱ्याला शिक्षा सांगणारे थेट कलम नाही आणि कारवाईचा रोखही विकणारे, दाखवणारे व संकेतस्थळे चालवणारे यांच्याकडेच असतो. पण डाऊनलोड करणे म्हणजे प्रत काढणे आणि ती ग्रुपवर टाकणे म्हणजे वाटप करणे. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव म्हणूनच कच्चा आहे. रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्समध्ये प्रवाशांना पायरेटेड सिनेमा दाखवणे तर सरळ सार्वजनिक प्रदर्शनात मोडते. गाण्यांबाबत मात्र एक सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्यास कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती वाजवण्यापुरती आहे. गाण्यांच्या प्रती भरून विकण्यासाठी नाही.

‘त्यांनी आधीच कोट्यवधी कमावले’ हा युक्तिवाद टिकतो का?

या युक्तिवादासाठी हमखास ‘सैराट’चे उदाहरण दिले जाते. एप्रिल २०१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या चोरीच्या प्रती लगेचच फिरू लागल्या, तरी त्याने शंभर कोटींचा टप्पा गाठला. मग बिघडले काय? बिघडले ते इतरांचे. ‘सैराट’ हा अपवाद आहे. बहुतेक मराठी चित्रपटांना दुसरा आठवडाही मिळत नाही. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी स्वतःची जमीन विकून पैसा उभा केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट २०१५ मध्ये पडद्यावर आला. जमीन विकणे म्हणजे काय, हे परभणीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. हिंदीतल्या बड्या नायकाला पायरसीचा ओरखडा उठतो. अशा निर्मात्याचा पुढचा सिनेमाच थांबू शकतो. प्रकाशयोजना, रंगभूषा, ध्वनी सांभाळणाऱ्यांना त्या चित्रपटाची मजुरी बहुधा मिळालेली असते, पण पुढचे काम मिळत नाही. गाण्यांचेही तसेच. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत वाटा दिला. तो अधिकृत ऐकण्यातूनच तयार होतो.

‘आमच्याकडे थिएटरच नाही’ त्याचे काय?

ही तक्रार खरी आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. मराठवाड्यातील एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद पडली. पालम किंवा सोनपेठच्या चौघांच्या कुटुंबाने परभणी-नांदेड गाठून सिनेमा पाहायचा तर गाडीभाडे आणि तिकिटे मिळून शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी सहज जाते. ओटीटीचेही एकच वर्गणीपत्र पुरत नाही. प्रत्येक सिनेमा वेगळ्या दुकानात. त्याच ईवाय अहवालात पायरसीकडे वळणाऱ्यांपैकी ६४ टक्के जणांनी जाहिरातींसह का होईना, अधिकृत मजकूर मोफत मिळाल्यास तिकडे वळू, असे सांगितले. म्हणजे दोष केवळ नीतिमत्तेचा नाही, व्यवस्थेचाही आहे. मात्र अडचण हे कारण असू शकते, हक्क नव्हे. एसटी वेळेवर येत नाही म्हणून दुसऱ्याची मोटारसायकल न विचारता नेली, तर ती चोरीच ठरते.

या फुकटातून कमावते कोण?

संकेतस्थळ चालवणारा समाजसेवा करत नाही. त्याचे उत्पन्न सट्ट्याच्या ॲप्सच्या जाहिराती आणि पाहणाऱ्यांची माहिती यांतून येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ‘आयबोम्मा’ हे पायरसी संकेतस्थळ चालवल्याच्या आरोपावरून एकाला अटक केली, तेव्हाही सट्टेबाजीच्या ॲप्सचा प्रचार आणि वापरकर्त्यांचा डेटा हे मुद्दे पुढे आले. सिनेमा पाहण्यासाठी अनोळखी एपीके फाइल मोबाइलमध्ये घेतली की त्याच मोबाइलमधले यूपीआय आणि बँकेचे संदेशही धोक्यात येतात.

मग सामान्य प्रेक्षकाने काय करावे?

पहिली गोष्ट, मिळवणे आणि पसरवणे यातला फरक ओळखावा. आपण मोह आवरू शकलो नाही, तरी ती लिंक शंभर जणांच्या ग्रुपवर टाकणे नक्कीच टाळता येते. दुसरी, मोफत म्हणजे चोरीचेच असे नाही. यूट्युबवरील निर्मात्यांच्या अधिकृत वाहिन्या, प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ आणि जाहिरातींसह चालणारी संगीत ॲप्स यांवर पुष्कळ काही पैसे न देता मिळते. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तिसरी, पायरसीच्या नादात खात्यातून पैसे गेले तर लाजेने गप्प न बसता तातडीने १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

भाव पडला की शेतकरी विचारतो, घामाचे दाम कुठे आहेत? गाणे लिहिणारा आणि सिनेमा करणाराही तेच विचारतो आहे. पुढच्या वेळी लिंक समोर आली, की बोट टेकवण्याआधी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारून पाहायला हवा.