‘सुख’ नावाचे स्थानक

जपानच्या होक्काइदो बेटावर, ओबिहिरो शहराच्या दक्षिणेला शेतांच्या मधोमध एक लाकडी खोपटे उभे आहे. शेजारी फलाट आणि न हलणारे दोन नारिंगी डबे. या स्थानकाचे नाव कोफुकू, म्हणजे सुख. ओबिहिरो ते हिरोओ हा ८४ किलोमीटरचा मार्ग २ फेब्रुवारी १९८७ रोजी बंद झाला, तेव्हापासून तेथे गाडी येत नाही.

हे नाव कुणा कवीने ठेवलेले नाही. मूळ वस्तीचे नाव ऐनू भाषेतले, कोरड्या नदीचे. ते चिनी चित्राक्षरांत लिहिताना पहिले अक्षर निघाले शुभाचे. पुढे फुकुई प्रांतातले शेतकरी येथे वसले, त्यांच्या गावाकडचे ‘फुकु’ त्याला जोडले गेले आणि ‘सुख’ तयार झाले. १९५६ साली स्थानक उघडले तेव्हा त्याचे कुणाला अप्रूप नव्हते.

१९७३ मध्ये एनएचकेने दूरचित्रवाणीवर हे स्थानक दाखवले आणि चक्रे फिरली. दोन स्थानके अलीकडच्या आइकोकुच्या नावात ‘प्रेम’ आणि ‘देश’ अशी अक्षरे आहेत. मग काय, ‘प्रेमाच्या देशातून सुखाकडे’ नेणारे तिकीट! आदल्या वर्षी सात तिकिटे खपली होती. आता तीस लाख खपली, चार वर्षांत एक कोटी, असे सांगतात. लोकांनी ती पाकिटात जपली, नवदांपत्यांना दिली. गाडीत बसले ते थोडे.

या हौशी मंडळींना दोष देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. राष्ट्रीय रेल्वेचे कर्ज अखेरीस ३७ लाख कोटी येनवर गेले होते. त्यात बुलेट गाडीच्या बांधकामाचा आणि व्याजाचा मोठा वाटा होता. खेड्यातल्या मार्गांचा तोटा त्यापुढे किरकोळ. तरी १९८० च्या कायद्याने ८३ छोटे मार्ग निवडले. त्यांतले ३८ स्थानिकांच्या भागीदारीने वा खासगी कंपन्यांकडे जाऊन रूळांवर राहिले, ४५ ठिकाणी बस आली. हिरोओ मार्ग या दुसऱ्या यादीत गेला. दोनच महिन्यांनी राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे होऊन खासगीकरण झाले. रोज शाळेला, बाजाराला जाणाऱ्यांची गाडी जमाखर्चात हरली, ती अशी.

खोपटे २०१३ मध्ये नव्याने बांधले. जुने लाकूड शक्य तितके वापरले, असे म्हणतात. भिंतींवर गुलाबी तिकिटे टाचलेली असतात, एकावर एक. शेजारच्या दुकानात ती अजून विकत मिळतात.