आधी इंधन, मग स्टोव्ह!

थंडी पडली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक डायलॉग हमखास ऐकू येतो... ‘या वेळी लोणावळा-माथेरान नको यार, काहीतरी हटके करू!’ तर घ्या हटके. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. सातपुड्यात साधारण 1100 मीटर उंचीवर. यशवंत तलाव, सीताखाईची दरी आणि रात्री डोक्यावर तारेच तारे. तंबू, गिटार, वाफाळता चहा... एकदम पिक्चर परफेक्ट!

फक्त एकच प्रश्न. तो चहा कशावर करणार?

माझी एक मैत्रीण परवाच मुठीत मावेल असा फोल्डिंग स्टोव्ह घेऊन आली. वजन किती, ज्योत किती मोठी, सगळा रिसर्च तोंडपाठ. मी विचारलं, ‘अगं, पण गॅस नेणार कसा?’ ‘ट्रेनने! कसा म्हणजे?’ गाडं नेमकं इथेच अडतं. म्हणून आजचा फंडा सोपा आहे. स्टोव्ह शेवटी घ्या, इंधन आधी ठरवा. आणि त्याच्याही आधी ठरवा, जाणार कशाने!

ट्रेनने जाताय?

नंदुरबार सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे ट्रेन सोयीची. पण गॅसचा कॅन, रॉकेल, स्पिरिट यातलं काहीही डब्यात नेता येत नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘एवढासा तर कॅन, कोण बघतंय?’ असं मनात आलं तर 26 ऑगस्ट 2023 ही तारीख आठवा. तमिळनाडूत मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात, चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली. 9 जण गेले. निमित्त होतं चहाचं.

मग करायचं काय? स्टोव्ह रिकामा न्या, इंधन तिकडे घ्या. चार-सहा जणांचा ग्रुप असेल आणि पुढे जीप करणार असाल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर बरा. इंडेनचा ‘छोटू’ पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. निघण्यापूर्वी नंदुरबार किंवा शहाद्याच्या गॅस एजन्सीला फोन करून खात्री करा. ट्रेकिंगचा छोटा कॅन मात्र तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल असं गृहीत धरू नका. आणि काहीच जमलं नाही तर? थर्मास भरून घ्या आणि जेवण तोरणमाळलाच सांगून ठेवा. ज्वारीची भाकरी आणि नंदुरबारच्या मिरचीची चटणी... इन्स्टंट नूडल्स विसराल, बॉस!

स्वतःच्या गाडीने जाताय?

मग कॅन चालेल. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक बुटका, वर आटे असलेला. दुसरा हेअरस्प्रेच्या बाटलीसारखा लांबट. एकाचा स्टोव्ह दुसऱ्याला सरळ बसत नाही, तेव्हा दोन्ही एकाच दुकानात जोडून बघा.

लांबट कॅनमध्ये बहुतेक वेळा नुसता ब्युटेन असतो. स्वस्त आणि मस्त, पण थंडीत रुसणारा. ब्युटेन उकळतो उणे 0.5 अंशाला. पारा त्याच्या जवळ आला की त्याची वाफच होत नाही आणि ज्योत मिणमिणते. याच जिल्ह्यात डाबच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटे दवबिंदू गोठतात! म्हणून जानेवारीत जाणार असाल तर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला कॅन घ्या. लेबल वाचा, दुकानदाराच्या ‘चालतंय की, मॅडम’वर जाऊ नका.

उन्हाळ्यात नेमकं उलटं. कॅनवर लिहिलेलं असतं, 50 अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका. नंदुरबारच्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. जेवायला उतरलात तर कॅन सावलीत, सोबत ठेवा.

किती गॅस लागेल?

एक लिटर पाणी उकळायला, वारा नसेल आणि झाकण ठेवलं असेल तर, साधारण 15 ग्रॅम. म्हणजे 230 ग्रॅमच्या कॅनमध्ये ढोबळमानाने 15 लिटर. दोघांच्या दोन रात्रींचा चहा, खिचडी आरामात. वाऱ्यात मात्र हा हिशोब कोलमडतो. आणि एक गंमत, तोरणमाळच्या उंचीवर पाणी साधारण 96 अंशालाच उकळतं. डाळ शिजायला वेळ लागतो, गॅस जास्त जातो. तूरडाळीऐवजी भिजवलेली मूगडाळ न्या.

आता थोडं सीरियस

वारा अडवायचा म्हणून कॅनसकट स्टोव्हभोवती पत्रा गुंडाळू नका. कॅन तापतो आणि फुटू शकतो. दोन स्टोव्ह चिकटवून वर एकच मोठा तवा ठेवणं, तेही तितकंच डेंजरस. घरगुती सिलिंडरमधून पुन्हा भरलेला कॅन स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरगुती गॅसचा दाब ब्युटेनपेक्षा जास्त असतो, त्यासाठी तो कॅन बनवलेलाच नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कितीही थंडी वाजली तरी तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते... आणि आपल्याला वाटतं, घाटाच्या वळणांनी झालं असेल! त्या झोपेतून सगळेच उठत नाहीत.

जंगलाचंही थोडं बघा. भारतीय वन कायदा 1927 च्या कलम 26 नुसार राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. शेकोटीच नव्हे, स्टोव्ह कुठे पेटवायचा हेही आधी वन खात्याच्या लोकांना विचारा. रिकामा कॅन दरीत भिरकावू नका, परत आणा.

बाकी सोपं आहे. जायचं कशाने, तिथे काय मिळतं, थंडी किती... ही तीन उत्तरं लिहून काढा आणि मगच दुकानात शिरा. मैत्रिणीचा तो चिमुकला स्टोव्ह वाया गेला नाही हं. आम्ही गाडीने निघतोय, मिश्रणाचा कॅन घेऊन. चहा प्यायला येताय ना?