यंत्राशी ओळख : करंगळीएवढी धार

शाहपूरच्या केळीबागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत डिझेल इंजिनाचा ठोका अजूनही घुमत असेल. विहिरीच्या काठावर पाच अश्वशक्तीचे इंजिन, त्याला जोडलेला पंप, आणि पंपाचे पाणी थारोळ्यात पडून पाटाने केळीकडे धावत असे. त्या मोठ्या प्रवाहाकडे सर्वांचे लक्ष असे. परंतु इंजिनाच्या अंगातून आणखी एक धार बाहेर पडे. ती जेमतेम करंगळीएवढी असे. पंपाच्याच पाण्यातून एक बारीक नळी इंजिनाकडे नेलेली असे. ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरे, तेथील उष्णता उचली आणि वरच्या नळीने बाहेर येई. थंडीच्या पहाटे सालदार त्या ऊन धारेखाली हात शेकीत. एका इंजिनाची किंमत मोजून मी ती धार पाहावयास शिकलो, म्हणून आजचे हे पान तिच्यासाठी.

गोष्ट १९७८ च्या वैशाखातील. शाहपूर तेव्हा खंडवा जिल्ह्यात होते. बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा २००३ साली झाला. मी कॉलेजातून सुटीस आलो होतो. वडील एका लग्नाकरिता रावेरला गेले आणि बाग माझ्यावर सोपवून गेले. निघताना "धारेवर लक्ष ठेव, ती थांबली की इंजिन थांबव," एवढेच ते म्हणाले. केळी नुकतीच निसवली होती. अशा वेळी पाण्याचा ताण पडला, तर घड भरत नाही, हे आमच्याकडे लहान मुलासही ठाऊक असते.

भर दुपारी निंबाखाली मी पुस्तक वाचीत पडलो होतो. इंजिनाचा आवाज एकाएकी हलका झाला. मला वाटले, इंजिन आता सुखाने चालले आहे! वास्तविक पंपाचे पाणी तुटले होते आणि ओढावयास ओझेच उरले नव्हते, म्हणून तो आवाज हलका झाला होता. फूटव्हॉल्व्हच्या जाळीवर पालापाचोळा बसला होता. पंपाला पाणी नाही, म्हणून इंजिनालाही नाही. काही वेळाने सालदार बांधावरून धावत आला. "छोटे भाऊ, पाटाला पाणी नाही!" मी उठतो तोच जळक्या तेलाचा वास आला, एक कर्कश आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. पिस्टन तापून फुगला होता आणि सिलिंडरात धरला होता. घाबरून मी बादलीभर थंड पाणी इंजिनावर ओतले. जे वाचले असते तेही त्यामुळे गेले. तापलेले बिडाचे हेड तडकले.

इंजिन दुरुस्त होऊन येईपर्यंत शेजारच्या काकांनी रात्री आपल्या विहिरीचे पाणी आमच्या पाटाला सोडले, म्हणून बाग उभी राहिली. तरी त्या वर्षीचे घड हलकेच उतरले. वडील रागावले नाहीत. त्यांनी ते तडकलेले हेड ओसरीवर, येताजाता दिसेल असे ठेवले. पुढे कित्येक वर्षे ते तेथेच होते.

आता मालवणास जाऊ. माझी मुलगी तेथे दिली आहे. जावई एक लहान होडी बाळगून आहेत आणि तिच्या पाठीमागे आउटबोर्ड इंजिन लावलेले आहे. गेल्या कार्तिकात नातीला घेऊन आम्ही त्या होडीतून सिंधुदुर्गाच्या बाजूस निघालो. इंजिन सुरू होताच जावई समुद्राकडे न पाहता मागे वाकून पाहू लागले. इंजिनाच्या बाजूच्या छिद्रातून पाण्याची एक बारीक धार समुद्रात पडत होती.

"जावईबापू, काय पाहता?" मी विचारले.

"पाणी टाकतंय ना, ते पाहतो, बाबा. ते थांबलं की आपण थांबायचं."

माझ्या वडिलांचेच शब्द, चाळीसहून अधिक वर्षांनी, खाऱ्या पाण्यावर! अर्ध्या वाटेवर ती धार खरोखरच बारीक होत तुटली. वारा आम्हांस खडकांच्या बाजूस लोटीत होता, आणि नातीने माझा हात घट्ट धरला होता. माझ्या मनात आले, काठ गाठेपर्यंत इंजिन चालू द्यावे. परंतु जावयांनी क्षणाचाही विलंब न लावता ते बंद केले, नांगर टाकला आणि इंजिन उचलून पाहिले. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. पिशवी काढली, इंजिन खाली सोडले, धार पुन्हा पडू लागली आणि आम्ही पुढे निघालो.

त्या संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी मला या इंजिनाचा पंप उघडून दाखविला. पंप इंजिनाच्या खालच्या भागात, पंख्याला फिरविणाऱ्या उभ्या दांड्यावरच बसविलेला असतो. त्यात रबराचे लहान पाकळ्यांचे चक्र असते. त्याचे घर किंचित एका बाजूस सरकलेले असल्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे दबतात, दुसरीकडे मोकळ्या होतात आणि त्या उघडझापेत पाणी वर ढकलले जाते. वेग वाढला की पाकळ्या मागे वाकतात आणि तोच पंप आपल्या शेतातल्या पंपाप्रमाणे पाणी बाहेर भिरकावून चालतो.

रबराच्या या चक्राला वंगण म्हणून पाणीच लागते. म्हणून जमिनीवर इंजिन "फक्त चालते का" एवढे पाहण्यासाठीही कोरडे सुरू करू नये. थोड्याच वेळात पाकळ्या जळतात. पाण्याने भरलेल्या पिंपात खालचा भाग बुडवूनच ते चालवावे. खाऱ्या किंवा गढूळ पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यावर काही मिनिटे चालवावे, म्हणजे आतील वाटांत मीठ व गाळ साचत नाही.

नुसते पडून राहण्यानेही हे चक्र बिघडते. महिनोन्‌महिने एकाच स्थितीत दबलेल्या पाकळ्या तशाच वाकून बसतात, आणि इंजिन सुरू झाले तरी पाणी पुरेसे चढत नाही. पुरासाठी म्हणून ठेवलेल्या होड्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तापीच्या काठच्या आपल्या गावांना हे वेगळे सांगावयास नको. वर्षभर झाकून ठेवलेले इंजिन पुराच्या रात्री प्रथमच सुरू केले आणि भर प्रवाहात तापून बसले, तर होडी असून नसल्यासारखी. पाऊस लागण्यापूर्वीच पंप उघडून पाहावा, चक्र बदलावे आणि पिंपात चालवून धार पाहावी.

रोज समुद्रात जाणाऱ्या इंजिनाचे चक्र जावई वर्षास एकदा बदलतात. इतरांनी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली मुदत पाळावी. बदलताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या चक्राची एखादी पाकळी तुटलेली आढळली, तर तिचा तुकडा सापडल्याशिवाय पंप मिटू नये. तो वरच्या वाटेत जाऊन पाणी अडवितो. चक्र ज्या धातूच्या वाटीत फिरते, तिच्यावर खोल चरे पडले असतील तर वाटीही बदलावी. दांड्यातील लहानशी चावी जागेवर बसलीच पाहिजे, नाही तर दांडा फिरतो आणि चक्र स्वस्थ राहते. नवे चक्र बसविताना साबणाचे पाणी लावावे आणि इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने दांडा फिरवीत ते आत सरकवावे. बसविल्यानंतर दांडा कधीही उलट फिरवू नये.

धार दिसली नाही, तर इंजिन लगेच बंद करावे. मग जाळी पाहावी. नंतर धारेच्या छिद्रात जाड तंगूस घालून पाहावे. पुष्कळदा पंप उत्तम असतो आणि मिठाने किंवा कुंभारीण माशीच्या मातीने तोंड बुजलेले असते. तापलेले इंजिन आपोआप निवू द्यावे. माझ्या बादलीची आठवण ठेवावी.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाण्यातील चुना. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ साली बऱ्हाणपुरात बांधलेला कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या भिंतींवर जमलेले चुन्याचे थर आठवतील. शंभरावर कुंड्या जोडणाऱ्या त्या भुयारातून पाणी नुसत्या उताराने शहरात येई. तेथे एकाही यंत्राचे काम नव्हते, तरी चुन्यापासून सुटका नव्हती. इंजिनाच्या पोकळीतही तोच थर चढतो. मग धार पडत असूनही पाणी उष्णता नीट उचलू शकत नाही. धार पूर्वीपेक्षा बारीक झाली किंवा इंजिन नेहमीपेक्षा अधिक तापू लागले, तर पोकळी साफ करून घ्यावी.

शाहपुरात आता विहिरीवरची इंजिने क्वचितच दिसतात. बोअरमधले पाणबुडे पंप आले. पण त्यांचेही जीवन पाण्यावरच आहे. मोटारीच्या अंगावरून वाहणारे पाणीच तिला थंड ठेवते. बोअरचे पाणी खाली गेले आणि मोटार कोरडी फिरत राहिली, की गुंडाळी जळते. येथे तर पाहावयास धारही नाही, म्हणून पाणी तुटताच वीज बंद करणारे साधन बसवून घेणे शहाणपणाचे.

गेल्या दिवाळीत जावई शाहपूरला आले, तेव्हा ओसरीवरचे ते तडकलेले हेड मी त्यांना दाखविले. त्यांनी ते उचलून पाहिले आणि विचारले, "बाबा, धार पाहिली नव्हती ना?"

पुढील अंकी गच्चीवरील टाकीचा तरंगता व्हॉल्व्ह.