विकत घेतलेल्या ग्रंथाला दुसऱ्याचे कुलूप

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. ज्यास वाचता येईल त्याने वाचावा, हवा तर उतरून घ्यावा. पुढे काशीयात्रेतही राजांनी ग्रंथ जमविले, नकला करविल्या. आज सरस्वती महालात मराठीची सुमारे ३,००० हस्तलिखिते आहेत. तंजावरात मराठी वाङ्मय टिकले ते नकलेच्या बळावर, हे आम्ही तंजावरकरांनी विसरता कामा नये.

मराठी मुलखापासून इतक्या दूर नवे पुस्तक हाती पडण्याचा सोपा मार्ग म्हणजे ई-पुस्तक. परंतु त्यास बहुधा कुलूप असते. ते मित्रास देता येत नाही, मुलांसाठी ठेवता येत नाही आणि विक्रेत्याची इच्छा फिरली तर आपल्याजवळ राहतही नाही. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. २०१९ साली मायक्रोसॉफ्टचे ई-पुस्तकांचे दुकान बंद झाले, तेव्हा तेथील पुस्तकेही नाहीशी झाली. पैसे परत मिळाले. पण ग्रंथ म्हणजे का ठेवीची पावती?

कोणी म्हणेल, कुलूप नसेल तर लेखक उपाशी मरेल. लेखकाच्या मोबदल्याविषयी आमचा वाद नाही, चोरीचे समर्थन तर नाहीच. परंतु चोर कुलूप तोडतोच. अडतो तो दाम मोजणारा सज्जन. शिवाय लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, हे कायद्यास ठाऊक आहे, कुलुपास नाही.

कायदाही येथे अपुरा पडतो. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा मिळाली. मात्र मूळ कागदी प्रत संग्रही असेल तरच! जे पुस्तक कागदावर आलेच नाही, ते कोणी जपावे?

म्हणून प्रकाशकांकडे आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. हवे तर ग्राहकाचे नाव प्रत्येक पानावर छापा, पण कुलूप काढा. आणि प्रत्येक ई-पुस्तकाची एक मोकळी प्रत ग्रंथालयास द्या. हे होणार नसेल तर निदान ‘विक्री’ हा शब्द तरी वापरू नका. भाड्याने दिलेल्या वस्तूस भाड्याची म्हणावे, एवढा प्रामाणिकपणा बाजारातही पाळला जातो.