फोड रंगाला नाही, धातूला आलाय

लोकहो, या वीकेंडला जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

तुमच्या पार्किंगमधल्या तीन-चार वर्षं जुन्या बाइक्स वाकून बघा. काळ्या रंगाच्या इंजिनवर, विशेषतः चाकाने उडवलेला चिखल बसतो तिथे आणि बोल्टच्या भोवती, बारीक फोड दिसतील. नखाने खरवडलंत तर खाली पांढरी पावडर निघेल. माझ्या बाइकच्या क्लच कव्हरवर हेच निघालं. सर्व्हिस सेंटरवाल्याचं उत्तर तयार होतं : "सर, अ‍ॅल्युमिनियमला गंज लागत नाही. रंगच आहे, स्प्रे मारून देतो."

हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच जास्त डोक्यात जातं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल गंजत नाही, बरोबर. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तेच त्याचं चिलखत. पण मिठातलं क्लोराइड हा थर फोडतं. मुंबई-कोकणातली खारी हवा आहेच त्यासाठी. एखाद्या खड्याने रंगाचा टवका उडाला की ओलावा आत शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. तयार होणारी पांढरी पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून रंग वर उचलला जातो. पोलादी बोल्टपाशी तर विचारूच नका. दोन वेगळे धातू ओलाव्यात भेटले की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते बिचारं अ‍ॅल्युमिनियम.

आता यावर स्प्रे मारणं म्हणजे आपल्या भाषेत रिकामा कॅच ब्लॉक. एरर दिसत नाही, बग मजेत आत बसलाय.

"पण इंजिन चालतंय ना?" चालतंय की! कव्हर उद्या गळून पडणार नाहीये. पण बोल्ट जाम होतात, काढताना आटे जातात. गंज गॅस्केटच्या कडेपर्यंत पोचला की तेल पाझरायला लागतं. आणि ताजा स्प्रे मारलेली बाइक सेकंडहँड घेणारा, म्हणजे बहुतेक वेळा पहिली नोकरी लागलेला एखादा पोरगा, हे सगळं पैसे मोजून घरी नेतो.

दुसरी गंमत. वॉरंटीचं नाव काढलं की ऐकवतात, "तुम्ही प्रेशर वॉश केला असेल." अहो, प्रत्येक सर्व्हिसिंगला तापलेल्या इंजिनवर प्रेशरने पाणी मारतं कोण? तुम्हीच ना?

नीट काम करायला एक रविवार पुरतो. इंजिन पूर्ण थंड असू द्या. सैल झालेला रंग खरवडून काढा आणि पांढरी पावडर संपून स्वच्छ धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. स्टील वूल वापरू नका, लोखंडाचे कण अडकून नवा गंज सुरू होतो. थिनरने तेलकटपणा पुसा आणि हात न लावता त्याच दिवशी अ‍ॅल्युमिनियमला चालणारा, उष्णता सोसणारा प्राइमर मारा, कारण उघड्या धातूवर ऑक्साइड लगेच धरतं. मग इंजिनसाठीचा उष्णतारोधक रंग, पातळ दोन-तीन हात. डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळवा आणि तापवा. हे शेवटचं टाळलंत तर रंग पेट्रोलच्या एका थेंबाने सुटू शकतो.

पण हे सगळं आपणच का करायचं? बाइक वॉरंटीत असेल तर आधी भांडा. फोटो काढा आणि जॉब कार्डवर "रंग खराब" नाही, "रंगाखाली धातूला गंज" असं लिहून घ्या. तोंडी तक्रार हसून उडवता येते. लिहिलेली तक्रार नाकारायची तर त्यांनाही कारण लिहून द्यावं लागतं, निदान तसा आग्रह तरी धरता येतो. आपण ऑफिसात बग लॉग केल्याशिवाय कोणाचं ऐकतो का? मग इथेच एवढे समजूतदार का होतो?