चकाकीपायी पुसली जाणारी अक्षरे

जुनी वस्तू ‘नव्यासारखी’ करून देणे हे कौशल्य खरे. परंतु ते नेहमीच त्या वस्तूच्या हिताचे असते असे नाही. तंबाखूचे जुने पाइप दुरुस्त करण्याचा जो छंद आणि व्यवसाय युरोप-अमेरिकेत रुजला आहे, त्याकडे पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

फ्रान्समधील सां-क्लोद या डोंगराळ गावी १९ व्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप घडविले जाऊ लागले. भूमध्य समुद्राकाठच्या या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ अत्यंत कठीण असून सहजासहजी जळत नाही. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचा पाइपही पुष्कळदा धडधाकट निघतो. मात्र त्याच्या पोटात काजळीचा थर साचलेला असतो, नळीत चिकट मळ असतो आणि गंधकमिश्रित कडक रबराचे तोंड उजेडाने व हवेने हिरवट-तपकिरी पडलेले असते. काजळी बेताने खरवडणे, मद्यार्काने नळी धुणे, रबर बारीक पॉलिश पेपरने घासणे ही कामे आवश्यकच होत. काजळी फार वाढली तर तापून फुगते आणि लाकूड तडकते. इथवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

प्रश्न उद्भवतो तो यापुढे. गिऱ्हाइकाला झळाळी हवी असते. ती आणण्यासाठी पाइप फिरत्या चाकावर धरला जातो आणि दांड्यावरची ठशाची अक्षरे पाहता पाहता बुजतात. ही अक्षरे म्हणजे त्या वस्तूचे जन्मटिपण होय. निर्मात्याचे नाव, आकाराचा क्रमांक, देश यांची नोंद तेथे असते. डनहिलच्या अनेक पाइपांवर तर निर्मितीचे वर्ष सांगणारे आकडेही असतात. चांदीच्या कड्यावरील नांगराची खूण ते चांदीकाम बर्मिंगहॅमला पारखले गेल्याचे सांगते. जुन्या पुस्तकाला नवी बांधणी करताना समासातील टिपणेच छाटून टाकावीत, तसा हा प्रकार आहे. बांधणी देखणी होते. पुस्तक मात्र मुके होते.

ज्याचा पाइप त्याने तो हवा तसा चकचकीत करावा, त्यात इतरांचे काय गेले, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु असे पाइप एका हातातून दुसऱ्या हातात जातात. भेग बुजवून वर रंग चढविलेला पाइप ‘नव्यासारखा’ म्हणून विकला आणि भेगेचा उल्लेख टाळला, तर ती कारागिरी राहत नाही, फसवणूक ठरते. आजोबांचा पाइप नातू दुरुस्तीला देतो तेव्हा तर मुखाशी उमटलेल्या दातांच्या खुणा हाच त्याचा खरा वारसा असतो. रबर तापवून त्या सहज नाहीशा करता येतात. पुन्हा उमटविता येत नाहीत.

पाइप कितीही स्वच्छ केला तरी तंबाखू निर्धोक होत नाही; पाइप ओढल्याने तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. तेव्हा यापुढे हे पाइप ओढण्यापेक्षा जपण्यासाठीच अधिक उरावेत, हे इष्ट. मग तर त्यांच्यावरील खुणांचे मोल अधिकच वाढते. मळ काढावा, खुणा राखाव्यात आणि जे केले ते घेणाऱ्याला सांगावे, एवढी मर्यादा कारागिराने पाळली तरी पुरे. मळ आणि खूण यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्याच हाती जुनी वस्तू द्यावी.