विश्लेषण : फिगर स्केटरची कारकीर्द कशी घडते? गोंदियातून ती शक्य आहे का?

मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्याच दिवसांत भल्या सकाळी उन्हाळी शिबिरात मुले चाकांचे स्केट्स बांधून फेऱ्या मारतात आणि दुपारी घरी मोबाइलवर बर्फावर गिरक्या घेणाऱ्या स्केटरचे व्हिडिओ पाहत बसतात. ‘मला असे करता येईल का?’ हा प्रश्न मग आईबाबांपुढे येतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मात्र ते वेळेत मिळायला हवे, कारण या खेळात उशीर सहसा भरून निघत नाही.

फिगर स्केटिंगमध्ये नेमके करायचे काय असते?

एकेरीत प्रत्येक स्केटर दोनदा बर्फावर उतरतो. आधी २ मिनिटे ४० सेकंदांचा लघु कार्यक्रम आणि नंतर सुमारे ४ मिनिटांचा मुक्त कार्यक्रम. उड्या, गिरक्या आणि पदन्यास या प्रत्येकाला गुण असतात. उड्यांचे प्रकार सहा : टो लूप, सालकॉव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सेल. यातली अ‍ॅक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतली जाते, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त पडतो. दुहेरी अ‍ॅक्सेलला ३.३ मूळ गुण मिळतात, तिहेरीला ८. एका फेऱ्याची किंमत एवढी आहे, यावरून स्केटर जिवावर उदार होऊन तिहेरीमागे का लागतात ते कळते.

चौपट उडीत स्केटर साधारण ०.७ सेकंद हवेत असतो आणि तेवढ्यात चार फेरे घेतो. हिशेब केला तर मिनिटाला ३४० फेरे होतात. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण तेवढाच फिरतो. खाली उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर येतो. हे रोज, वर्षानुवर्षे.

कारकीर्द किती वर्षांची?

बहुतेक अव्वल स्केटर चौथ्या ते सहाव्या वर्षी बर्फावर उभे राहतात. दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत दुहेरी उड्या पक्क्या आणि तिहेरीची सुरुवात झालेली असते. अंगाची वाढ जोरात सुरू झाली की तोल बदलतो आणि येणाऱ्या उड्याही हातातून जातात. म्हणून पाया त्याआधी पडावा लागतो.

याची काळी बाजू २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिली. १५ वर्षांची कामिला वालियेव्हा उत्तेजक प्रकरणात सापडली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केले. अमेरिकेची अलिसा ल्यू त्याच वर्षी १६ व्या वर्षी निवृत्त झाली, २०२४ मध्ये परतली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. चौपट अ‍ॅक्सेल स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी करणारा इलिया मालिनिन तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याचे आईवडील दोघेही ऑलिम्पिक फिगर स्केटर. घरातच प्रशिक्षक असणे हे भाग्य बाकीच्यांना तासाच्या दराने विकत घ्यावे लागते.

भारताचे स्केटर कुठे आहेत?

ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंगमध्ये भारताचा एकही खेळाडू आजवर उतरलेला नाही. सध्याचे सर्वांत ठळक नाव तारा प्रसाद. तमिळ कुटुंबातील तारा अमेरिकेत जन्मली, तिथेच स्केटिंग शिकली आणि २०१९ मध्ये तिने भारताचे नागरिकत्व घेतले. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय विजेती ठरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत ती आठवी आली. तिच्याआधी जागतिक पातळीवर भारताकडून उतरलेली अमी पारेख हीसुद्धा अमेरिकेतच वाढलेली. भारतीय वंशाचा इमॅन्युएल संधू तीनदा राष्ट्रीय विजेता झाला, पण कॅनडाचा. यातल्या कोणाचीही जिद्द कमी लेखायचे कारण नाही. परंतु या तिघांच्या घराजवळ बर्फ होता.

इथे बर्फ नाही, मग?

देशात बर्फाच्या रिंक बोटांवर मोजण्याइतक्या. शिमल्यातली उघड्यावरची रिंक १९२० पासूनची, पण ती थंडीच्या भरवशावर चालते. डेहराडूनची बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, त्यानंतर बरीच वर्षे बंद पडून राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. गुरुग्रामच्या मॉलमध्ये एक आहे. गोंदियातून गोंडवाना एक्स्प्रेस पकडली तरी दिल्ली गाठायला जवळपास एक दिवस जातो. सुटीत पंधरा दिवस जाऊन येणे शक्य आहे. मात्र वरच्या पातळीवरचा स्केटर आठवड्यातून पाच-सहा दिवस, रोज तीन-चार तास बर्फावर असतो. पंधरा दिवसांत हौस होते, कारकीर्द नाही.

उष्ण देशातून कोणी गेलेच नाही, असेही नाही. फिलिपिन्सचा मायकल ख्रिश्चन मार्टिनेझ मनिलाच्या मॉलमधल्या रिंकवर शिकला आणि २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये १९ वा आला. पण त्याच्या शहरात रिंक होती आणि खर्चासाठी घर गहाण ठेवल्याचे त्याच्या आईने तेव्हा सांगितले होते. ही बाजू प्रेरणादायी व्हिडिओंत सहसा येत नाही.

चाकांवर काय मिळते?

इथे बातमी जरा बरी आहे. रोलर स्केटिंगमध्ये ‘आर्टिस्टिक’ नावाचा प्रकार आहे. त्याच उड्या, तशाच गिरक्या, गुण देण्याची पद्धतही बर्फावरच्या पद्धतीवर बेतलेली. १९९८ मध्ये १५ व्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी तारा लिपिन्स्की आधी चाकांवरच शिकली आणि सहाव्या वर्षी बर्फावर गेली. आपल्याकडे हैदराबादच्या अनुपकुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत दुहेरीत, अशी दोन कांस्यपदके मिळवली. २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. बर्फाशिवाय इथवर जाता येते, याचा हा पुरावा.

मर्यादाही मोठी. आर्टिस्टिक रोलर स्केटिंग ऑलिम्पिकमध्ये नाही. शिवाय लहान शहरांत स्केटिंग म्हणजे बहुधा वेगाची शर्यतच. त्यात वावगे काही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला ३००० मीटर रिलेचे कांस्य मिळवणाऱ्या भारतीय चौकडीत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. पण शर्यतीचे स्केट्स, सराव आणि प्रशिक्षक वेगळे. शर्यतीची चार वर्षे काढून मुलगी आपोआप फिगर स्केटर होईल, अशी आशा पालकांनी ठेवू नये. शिबिरात नाव घालतानाच ‘आर्टिस्टिक शिकवता का?’ हे विचारावे.

गोंदियाने मागायचे काय?

बर्फाची रिंक मागणे सोपे आहे आणि भूमिपूजनाला छानही दिसते. पण ६० बाय ३० मीटरचा बर्फ विदर्भाच्या उन्हाळ्यात शून्याखाली गोठवून ठेवण्याचे वीजबिल भरणार कोण? डेहराडूनच्या थंड हवेतही ते झेपले नव्हते. त्यापेक्षा छत असलेली गुळगुळीत फरशी, पावसाळ्यातही वापरता येईल अशी, आणि आर्टिस्टिकचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेला एक प्रशिक्षक मागावा. जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. इतक्या वर्षांनंतर एवढी मागणी जास्त नाही. फरशी असेल तर दहाव्या वर्षापर्यंत मुलाची खरी झेप कळेल. बर्फासाठी घर हलवायचे की नाही, हा निर्णय तेव्हा डोळसपणे घेता येईल.

तोवर प्रमाणपत्रांकडे नीट पाहावे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयात होते. गोंदियासाठी ते नागपूर. डोळे बांधून अमुक तास स्केटिंग केल्याचा ‘विक्रम’ किंवा शुल्क भरून मिळालेले खासगी ‘राष्ट्रीय’ पदक तिथे उपयोगी पडत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, हे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घेता येते.